‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणता येऊ नये म्हणून

पोरी, हारतुरे आणि सत्कार आवरले असतील तर आता हे निवांत वाच. नागपूरच्या अधिवेशनाला अजून वेळ आहे असं तू फोनवर म्हणालीस. पण प्रश्नांच्या सूचना अधिवेशन सुरू व्हायच्या बऱ्याच आधी विधानमंडळ सचिवालयाकडे द्याव्या लागतात. आता त्या ऑनलाइन भरतात, तरी मुदत ती मुदतच. नवे आमदार बहुतेक इथेच मागे पडतात. नागपूरला पोचल्यावर विषय शोधायला लागतात, तोवर याद्या ठरून गेलेल्या असतात.

मी उभी हयात आमदारांचा पीए म्हणून काढली. वेगवेगळ्या पक्षांच्या लोकांसाठी प्रश्न लिहिले, लक्षवेधी लिहिल्या, उत्तरं कापून फायलीत लावली. त्यातून जे हाताला लागलं ते तुला देतो. तू सत्ताधारी बाकावर बसतेस म्हणून प्रश्न विचारायला कचरू नकोस. सदस्याचा हक्क दोन्ही बाकांवर सारखाच आहे. दवाखान्यातून औषधाविना परत गेलेल्या बाईला तुझा पक्ष कुठला याच्याशी काही देणंघेणं नसतं.

तू पाठवलेला पहिला मसुदा वाचला. आरोग्य केंद्राचा विषय घेतलास, चांगलं केलंस. पण तू लिहिलंयस असं : ‘सदर प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर, परिचारिका व औषधांचा अभाव असून रुग्णांचे अतोनात हाल होत आहेत व दिनांक १२ जून, २०२५ रोजी सर्पदंशाच्या रुग्णास लस न मिळाल्याने जिल्हा रुग्णालयात हलवावे लागले, हे खरे आहे काय?’ याला विभागाकडून काय उत्तर येईल ते मी आत्ताच लिहून देतो. ‘(१) हे खरे नाही. (२) प्रश्न उद्भवत नाही. (३) प्रश्न उद्भवत नाही.’ आणि ते उत्तर खोटंही ठरणार नाही. कारण एक परिचारिका हजर आहे. पॅरासिटामॉल आहे, म्हणजे ‘औषधांचा अभाव’ नाही. शिवाय तो रुग्ण अकराच्या रात्री आला होता, बाराला नाही. पाच गोष्टी तू ‘व’ने एकत्र बांधल्यास, त्यातली एक ढिली निघाली की अख्खी मोळी सुटते. उत्तर तयार करणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला पहिल्या भागाला ‘नाही’ म्हणता आलं की पुढचे ‘असल्यास’ने सुरू होणारे सगळे भाग आपोआप गळून पडतात.

आता तोच विषय असा लिही. पहिला भाग : या केंद्रासाठी मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त किती, आणि प्रत्येक पद कोणत्या दिनांकापासून रिक्त आहे. दुसरा : माहे जून, २०२५ मध्ये वा त्यादरम्यान केंद्रात सर्पदंशावरील लसीचा साठा किती दिवस शून्य होता. तिसरा : त्या लसीची मागणी केव्हा नोंदवली आणि पुरवठा केव्हा झाला. चौथा : रिक्त पदे कोणत्या दिनांकापर्यंत भरण्यात येणार आहेत. आणि शेवटी आपलं नेहमीचं, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ यात ‘हाल’ नाहीत, ‘अतोनात’ नाही. विशेषण आलं की ते नाकारायची सोय होते. आकडा मागितला की तो द्यावाच लागतो. ‘वा त्यादरम्यान’ हे दोन शब्द जुन्या यादीत जागोजागी दिसतील. तारखेत एका दिवसाची चूक निघाली म्हणून पूर्ण प्रश्न फेटाळला जाऊ नये, यासाठी आमच्या आधीच्या लोकांनी ते रुजवले. ते कधी गाळू नकोस.

पण हा मसुदा लिहायच्या आधी एक काम आहे. त्या केंद्रात स्वतः जा. आमदार म्हणून जा, पण फोटोवाल्याला बाहेर ठेव. औषध निर्माण अधिकाऱ्याकडे साठा नोंदवही असते, ती बघ. शिल्लकीच्या रकान्यातला शून्य तुझ्या डोळ्यांनी बघितलेला असेल तर सभागृहात तुझा आवाज चढवावा लागणार नाही. ई-औषधी प्रणालीवरचा साठा आणि कपाटातला साठा जुळतो का तेही बघ. हजेरीपट बघ. सपाटीवर तीस हजार लोकसंख्येला आणि आदिवासी-डोंगरी भागात वीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे, तेव्हा तुझ्या तालुक्याची लोकसंख्या घेऊन केंद्रं मोज. इमारत बांधून तयार आहे पण पदांना मंजुरी नाही, असंही पुष्कळ ठिकाणी असतं. अशा ठिकाणी ‘डॉक्टर का नाही’ विचारून उपयोग नसतो, कारण रिक्त म्हणायला तिथे पदच नाही. तिथे विचारायचं की इमारतीवर खर्च किती झाला, ती कधी पूर्ण झाली आणि पदनिर्मितीचा प्रस्ताव वित्त विभागाकडे कोणत्या तारखेला गेला.

आणि ज्या आशाताईने किंवा फार्मासिस्टने तुला हे दाखवलं, तिचं नाव कुठल्याही कागदावर येऊ देऊ नकोस. प्रश्न पोचला की जिल्ह्याला फोन जातो, ‘ही माहिती बाहेर दिली कोणी?’ तुझी पाच वर्षं आहेत, तिची नोकरी आहे. तिचं नाव झाकणं हे तुझं काम आहे.

तारांकित की अतारांकित, हे तू विचारलं होतंस. सगळ्यांना तारांकित हवा असतो, कारण त्यावर उभं राहून उपप्रश्न विचारता येतो आणि कॅमेरा असतो. पण तासाभरात यादीतले मोजकेच प्रश्न पुकारले जातात. बाकीच्यांची फक्त लेखी उत्तरं पटलावर येतात. म्हणून आकड्यांसाठी अतारांकित वापर आणि धोरणासाठी तारांकित. आधीच्या अधिवेशनात अतारांकितातून जिल्ह्याचे रिक्त पदांचे आकडे काढून घे, पुढच्या अधिवेशनात त्याच आकड्यांवर तारांकित टाक. सरकारनेच दिलेला आकडा सरकारला नाकारता येत नाही. वेळ फारच थोडा असेल आणि विषय पेटलेला असेल तर नियम १०५ ची लक्षवेधी आहे. स्थगन प्रस्तावाचं हत्यार उठसूट काढू नकोस. उत्तर अपुरं वाटलं तर त्यावर अर्धा तास चर्चेची सूचना देता येते. नवे लोक हे आयुध विसरतात, म्हणून तूच वापर.

उपप्रश्न विचारताना भाषण करू नकोस. ‘अध्यक्ष महोदय, आपल्यामार्फत’ म्हण आणि थेट एकच गोष्ट विचार, तीही जिचं उत्तर तारखेत किंवा आकड्यात येईल अशी. मंत्री उत्तराला उभे राहतात तेव्हा अधिकारी दीर्घेकडे लक्ष ठेव. तिथून चिठ्ठी निघते, शिपाई ती घेऊन येतो, तोवर मंत्री छापील उत्तरच पुन्हा वाचतात. चिठ्ठी आली याचा अर्थ तुझा प्रश्न छापील कागदाच्या पलीकडे गेला. त्यानंतर जे बोललं जाईल ते शब्दशः टिपून घे. तीन प्रश्न एका दमात विचारलेस तर मंत्री त्यातल्या सोप्याला उत्तर देऊन खाली बसतील, आणि तुझी पाळी गेली.

ही उलट विचारायची सोय आपल्याला फुकट मिळालेली नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलच्या सभासदांना प्रश्न विचारता येऊ लागले, पण सरकारने उत्तर वाचलं की विषय तिथेच मिटायचा. उपप्रश्नाचा हक्क १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी दिला, तोही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्याला. गोपाळ कृष्ण गोखल्यांना १९०२ साली हा उपप्रश्नाचा हक्क नव्हता, अर्थसंकल्पावर मतदानही नव्हतं. त्यांच्याजवळ होते ते सरकारचेच छापील आकडे. त्या वर्षी सात कोटींच्या शिलकीबद्दल सभागृहात अभिनंदन चाललं होतं. गोखल्यांनी उलटा मुद्दा मांडला. वर्षानुवर्षं दुष्काळ भोगलेल्या देशात तिजोरीत एवढी शिल्लक उरते, याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातोय. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. त्यांची अर्थसंकल्पावरची भाषणं पुस्तकरूपात मिळतात. ती वाच, आणि एकेका विधानाखाली किती तयारी आहे ते बघ.

आता पैशाचं. याला जरा वेळ दे, कारण सेवा कुठे अडते ते शेवटी इथेच कळतं. अर्थसंकल्पाच्या पुस्तिकांचा गठ्ठा बघून घाबरू नकोस. लेखाशीर्षांचे आकडे तोंडपाठ होतात. ग्रामपंचायतीचा सदस्यसुद्धा ‘पंचवीस-पंधरातून काँक्रीट रस्ता मिळाला’ म्हणतो, जिल्हा परिषदेत ‘तीस-चोपन्न’ आणि ‘पन्नास-चोपन्न’ म्हटलं की रस्त्यांचे पैसे हे सगळ्यांना कळतं. तसंच आरोग्याचं २२१०, आणि दवाखान्यांच्या इमारतींसारख्या भांडवली खर्चाचं ४२१०. ही दोन शीर्षं शेजारी ठेवून बघितलीस की इमारतींना पैसे आहेत आणि चालवायला नाहीत, हे तिथल्या तिथे उघडं पडतं.

प्रत्येक ओळीत रकाने बघ. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. वर्तमानपत्रात मथळा येतो तो पहिल्या रकान्याचा. तू प्रत्यक्ष खर्चाचा रकाना वाच. तो दोन वर्षांनी छापून येतो, तोवर त्या घोषणेबद्दल कोणी विचारत नसतं. मधल्या काळासाठी बीम्स प्रणाली आहे. तिच्यावर तरतूद किती, वितरित किती आणि खर्च किती ते दिसतं. हिवाळी अधिवेशनात विचार की नोव्हेंबरअखेर या योजनेची किती टक्के तरतूद वितरित झाली. आठ महिने संपलेले असतात, चार उरलेले असतात, आणि वितरण वीस-तीस टक्क्यांवर असेल तर बाकीचे पैसे मार्चमध्ये कसे धावतील ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मार्चअखेरचा खर्च तर वेगळाच विषय आहे. ३१ मार्चला रक्कम व्यपगत होऊ नये म्हणून ती काढून स्वीय प्रपंजी लेख्यात ठेवली जाते. हिशेबात ती खर्ची पडते, गावात मात्र एक पाइपही आलेला नसतो. यावर महालेखापरीक्षकांच्या अहवालांत पुनःपुन्हा ताशेरे आहेत. म्हणून ‘खर्च किती’ एवढंच विचारून थांबू नकोस. ‘त्यापैकी ३१ मार्च रोजी स्वीय प्रपंजी लेख्यात शिल्लक किती, आणि किती रकमेची उपयोगिता प्रमाणपत्रे प्रलंबित आहेत’ हेही त्याच प्रश्नात घाल. ही ओळ दिसली की विभागाला कळतं की समोरच्याने अभ्यास केलाय.

पुरवणी मागण्या अधिवेशनाच्या सुरुवातीलाच मांडल्या जातात. ती पुस्तिका त्याच रात्री वाचायची, दुसऱ्या दिवशीवर ढकलायची नाही. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या होत्या, मूळ अर्थसंकल्प ६ लाख १२ हजार कोटींच्या घरातला असताना. वर्ष सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते. एवढी रक्कम आधी अंदाजात का धरता आली नाही, हा प्रश्न कोणत्याही बाकावरून विचारण्यासारखा आहे. पुस्तिकेत ‘लाक्षणिक तरतूद’ शोध. हजार रुपयांची तरतूद दाखवलेलं काम म्हणजे नारळ फोडायला परवानगी, पैसे नंतर कधीतरी. तुझ्या मतदारसंघातलं असं काम सापडलं तर लोकांना तसं स्पष्ट सांग. आणि मागण्यांवर कपात सूचना देत जा. सगळ्या चर्चेला येत नाहीत, वेळ संपला की उरलेल्या मागण्या एकगठ्ठा मतास टाकतात, पण तुझी सूचना कागदावर राहते.

आर्थिक पाहणी बहुतेक वेळा अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी येते. ते जाड पुस्तक बहुतेक आमदारांच्या खोलीत पिशवीतच राहतं. २०११-१२ च्या पाहणीत दहा वर्षांत सिंचनाखालच्या क्षेत्राचं प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचं दिसलं, आणि त्या एका आकड्याने अख्खं राज्य हललं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारला सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली. तिच्यावरचा वाद कशावर होता ते लक्षात ठेव. ‘निर्माण झालेली सिंचन क्षमता’ वेगळी आणि ‘प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र’ वेगळं. धरण झालं, कालवा झाला की क्षमता मोजली जाते. शेतात पाणी पोचलं की नाही ते दुसऱ्या रकान्यात. पाणीपुरवठ्यातही तेच. ‘नळजोडण्या किती’ आणि ‘किती जोडण्यांना दररोज पाणी येतं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सरकार पहिल्याचं उत्तर देतं, तू दुसरा विचार.

दाखले आणि परवाने यांच्या तक्रारी तर रोज येतील. त्यांसाठी २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे. एकेका दाखल्यासाठी तहसीलदाराला फोन करण्यात तुझा दिवस जाईल. त्यापेक्षा वर्षातून एकदा विचार, की तालुक्यात मुदतीबाहेर गेलेले अर्ज किती, अपिलं किती आणि दंड किती जणांना झाला.

महालेखापरीक्षकांचा अहवाल बहुतेक वेळा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवतात. सगळे बॅगा भरत असतात. तू तो घेऊन जा. पुढच्या अधिवेशनाचे निम्मे प्रश्न त्यात तयार असतात, परिच्छेद क्रमांकासकट. लोकलेखा समितीवर नेमणूक झाली तर नाराज होऊ नकोस. तिथे टीव्ही नाही, घोषणा नाहीत, पण सचिवांची साक्ष होते आणि त्यांना कागद घेऊन बसावं लागतं. लोकसभेत १९६७ पासून या समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे, तो उगीच नाही. पंचायती राज समितीवर गेलीस तर दौऱ्यात जेवण आपापल्या पैशाने, हे पहिल्याच दिवशी सांगून टाक. पीआरसी येणार म्हटलं की जिल्हा परिषदेत वर्गणीच्या गोष्टी सुरू होतात. तुझ्या ताटासाठी कुणा ग्रामसेवकाने पैसे दिलेत असं नंतर कानावर येऊ नये.

तयार प्रश्न टाइप करून आणणाऱ्या माणसापासून मात्र लांब राहा. तो फार नम्र असतो, कागद नीटनेटके असतात, माहिती खरीही असते. पण बहुतेक वेळा त्याला दुसऱ्या ठेकेदाराचं बिल अडवायचं असतं, किंवा एखाद्या अधिकाऱ्याला घाबरवून नंतर प्रश्न मागे घ्यायला लावायचा असतो. २३ डिसेंबर २००५ ला संसदेने पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांचं सदस्यत्व काढून घेतलं, दहा लोकसभेचे आणि एक राज्यसभेचा. प्रश्न सभागृहाचा असतो, तो विकला जाताना बघून माझ्यासारख्या आयुष्यभर तेच काम केलेल्या माणसाला काय वाटलं असेल ते तू समज. कोरा लेटरहेड सही करून कुणाच्याही हाती देऊ नकोस. पीएच्यासुद्धा नाही.

चिकाटी बघायची असेल तर दोन उदाहरणं आहेत. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर घेतल्याबद्दल लोकसभेत प्रश्न आले, तेव्हा पहिली उत्तरं गुळमुळीत होती. फिरोज गांधींनी विषय सोडला नाही. ते स्वतः सत्ताधारी काँग्रेसच्या बाकावरचे, आणि पंतप्रधानांचे जावई. १६ डिसेंबरला ते कागद घेऊन उभे राहिले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांचा आयोग नेमावा लागला, त्यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचा राजीनामा झाला. दुसरं उदाहरण आपल्याच सभागृहातलं. गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले. दुष्काळी पट्ट्याचं पाणी हा विषय त्यांनी दशकानुदशकं धरून ठेवला. सरकारं बदलली, मंत्री बदलले, प्रश्न तोच. तूही दहा विषयांमागे धावू नकोस. आरोग्य धर, पाच वर्षं धर.

शेवटचं काम आश्वासनाचं, आणि निम्मे आमदार नेमकं तेच सोडतात. मंत्री सभागृहात म्हणाले, ‘चौकशी करण्यात येईल’, ‘एका महिन्यात पदे भरू’, की तू जिंकल्यासारखी खाली बसतेस. टाळ्या होतात, बातमी येते, आणि मंत्रालयात ते वाक्य कुठल्याच फायलीत जात नाही. म्हणून कामकाजाचा अहवाल हाती आला की ते वाक्य शब्दशः उतरवून घे, तारीख घाल आणि आश्वासन समितीच्या यादीत ते आलंय का ते तपास. आलं नसेल तर समितीला पत्र लिही. संसदेत तीन महिन्यांत आश्वासन पुरं करण्याची मुदत असते. आपल्याकडेही तू तीन महिन्यांचीच तारीख स्वतःच्या डायरीत टाक आणि त्या दिवशी विभागाला विचार. एक वेगळी वही कर. डाव्या पानावर मंत्र्यांचं वाक्य, उजव्या पानावर प्रत्यक्ष काय झालं. उजवं पान कोरं असेल तर पुढच्या अधिवेशनात पहिला प्रश्न त्याचाच.

आणि छापील उत्तराची झेरॉक्स ज्याने तक्रार केली त्याच्या हातात दे. सरपंच असो, शाळा समितीचा सदस्य असो की औषधाची चिठ्ठी घेऊन परत गेलेली बाई असो. त्यांना उत्तर वाचून दाखव. उत्तरात ‘दोन्ही वैद्यकीय अधिकारी कार्यरत आहेत’ असं असेल तर ते लगेच सांगतील की दुसरा डॉक्टर प्रतिनियुक्तीवर तालुक्याला आहे, आठवड्यातून एकदा येतो. ते लिहून घे, तारखेसह.